खगोलशास्त्राचा पेपर बंद करू नका : अभ्यास मंडळाला आणि व्यवस्थापनाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, अभ्यास मंडळ,
आणि
आमच्या महाविद्यालयाचं व्यवस्थापन मंडळ, गोवा

विषय : चार वर्षांच्या बी.एस्सी. बी.एड. अभ्यासक्रमातला खगोलशास्त्राचा पेपर बंद करण्याचा निर्णय

महोदय, महोदया,

सूचनाफलकावर लागलेल्या कागदावर तीन ओळी होत्या. येत्या वर्षापासून पाचव्या सेमिस्टरचा खगोलशास्त्राचा वैकल्पिक पेपर बंद. त्याच्या जागी ‘डिजिटल अध्यापन साधने’. आणि गच्चीवरची रात्रीची निरीक्षणं ‘पुढील सूचनेपर्यंत स्थगित’. कारण एकही दिलेलं नव्हतं. कारणं नंतर कानावर आली, तीही तोंडी, आणि सांगणारा बदलला की कारणही बदलत गेलं. आम्ही विद्यार्थ्यांनी सह्यांचा अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

महाविद्यालयाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. नाव घातलं की चर्चा एका इमारतीपुरती होते, कोण कोणाच्या गटातला इथपर्यंत जाते, आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते कळेलच.

मी तिसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय भौतिकशास्त्र. घर सत्तरी तालुक्यात. चौथीपर्यंत गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकले, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात. बारावीला बरे गुण होते, त्यामुळे ‘इंजिनिअरिंगला का गेली नाहीस’ हा प्रश्न घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात, प्रत्येक चवथीला (गणेश चतुर्थीला) मला विचारून झालेला आहे. आमच्याकडे बी.एड. म्हणजे दुसरं काही जमलं नाही की करायची गोष्ट, असा एक समज आहे. मी तशी आलेले नाही. मला भौतिकशास्त्र आणि आकाश शिकवायचं होतं, शाळेतल्या मुलांना, आणि प्रवेश घेताना माहितीपत्रकात हा पेपर छापलेला पाहूनच मी हे महाविद्यालय निवडलं. माझ्या तुकडीला तो मिळाला. आमच्यामागून येणाऱ्यांना मिळणार नाही. आणि मला मिळाला तोही कसा, ते सांगायलाच हवं, कारण ‘पेपर चालला नाही’ असं आपण म्हणता तेव्हा तो का चालला नाही हे आपल्याला ठाऊक नसावं.

पहिलं कारण ऐकलं ते विद्यार्थीसंख्येचं. पेपरला मुलं कमी येतात म्हणे. येतात खरी कमी. पण वेळापत्रक काढून बघा. खगोलशास्त्राचे तास आणि गणित अध्यापनशास्त्राचे तास एकाच वेळी ठेवलेले आहेत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याची दुसरी अध्यापन पद्धती बहुतेक वेळा गणित असते. का, तर माध्यमिक शाळेत नोकरी मागायला गेलं की विज्ञान आणि गणित दोन्ही शिकवणारा माणूस हवा असतो. म्हणजे ज्यांना हा पेपर घ्यावासा वाटेल तीच मुलं आपण दुसऱ्या खोलीत बसवलीत, आणि मग इकडची खोली रिकामी म्हणून पेपर बंद केलात. मी गणित सोडून इकडे आले. तो माझा निर्णय होता, तक्रार नाही. पण हा निर्णय एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांवर कशाला टाकायचा?

दुसरं, सेमिस्टर. पाचवं सेमिस्टर म्हणजे पावसाळा. ज्यांनी कुणी हा पेपर जून ते ऑक्टोबरच्या सत्रात टाकला त्यांनी गोव्यात एखादा तरी आषाढ काढलेला असेल ना? आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत रकाने होते : दिनांक, वेळ, खस्थ (आकाशातली) वस्तू, क्षितिजापासून उंची, शेरा. माझ्या वहीत पहिले दोन रकाने भरलेले, मधले दोन कोरे, आणि शेऱ्यात ‘ढग’, ‘पाऊस’, ‘ढग’, ‘वीज गेली’, पुन्हा ‘ढग’. (वीज गेली हे खरं तर आकाश बघणाऱ्याला वरदान. पण वर ढग असल्यावर काय उपयोग.) दसऱ्यानंतर आकाश स्वच्छ होऊ लागतं तेव्हा आमची सेमिस्टरची परीक्षा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या, निरभ्र रात्री सुरू होतात तेव्हा आम्ही दुसरं काहीतरी शिकत असतो. हाच पेपर चौथ्या किंवा सहाव्या सेमिस्टरला ठेवला असता तर त्यात एका पैशाचा खर्च नव्हता.

तिसरं कारण मात्र मला जास्त लागलं. ‘शाळेच्या अभ्यासक्रमात खगोलशास्त्र फारसं नाहीच, मग शिक्षकाला कशाला?’ हे वाक्य एका बैठकीत उच्चारलं गेलं, असं आम्हाला सांगण्यात आलं. 2022 मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेने, आठवीच्या विज्ञानातून तारे आणि सूर्यमालेचा धडा गाळला होता, हे खरं आहे. पण त्यानंतर नवीन पुस्तकं आली. सहावीचं 2024 मध्ये, सातवी आणि आठवीचं 2025 मध्ये. सहावीला पृथ्वीपलीकडच्या विश्वावर पूर्ण धडा आहे. सातवीला पृथ्वी, चंद्र आणि सूर्य. आठवीला चंद्राच्या कला आणि कालगणना, आपल्या चांद्र-सौर पंचांगांसकट. शाळेच्या पुस्तकात तीन वर्षं ओळीने आकाश परत आलं, आणि नेमक्या त्याच वेळी शिक्षक घडवणाऱ्या पदवीतून आपण ते काढता आहात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की 2030 पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान अट असेल. म्हणजे उद्याचा विज्ञान शिक्षक मुख्यतः याच दारातून जाणार. या दारात जे शिकवलं नाही ते त्याला पुढे कोण शिकवणार?

इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण ‘शिक्षकाला कशाला’ याचं उत्तर मी वर्गात पाहिलेलं आहे.

इंटर्नशिपमध्ये मला सातवीचा वर्ग मिळाला होता. चंद्राच्या कला. माझ्या आधीच्या तासाला मुलांना सांगण्यात आलं होतं की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो. सांगणाऱ्या टीचरांना मी दोष देत नाही. मनापासून शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांना त्यांच्या बी.एड.ला हे कुणी दाखवलंच नव्हतं, आणि फळ्यावरची आकृती बघून कुणाचाही तसा समज होऊ शकतो. मग एका मुलाने मला विचारलं, “टीचर, सावलीने अर्धा होतो तर ग्रहण म्हणजे काय?” हा प्रश्न विचारणारा मुलगा वर्गातला हुशार म्हणून ओळखला जाणारा नव्हता. त्याचं बरोबर होतं आणि पुस्तकाबाहेरचं होतं.

आपल्या शाळा सकाळी भरतात. वद्य अष्टमीच्या सकाळी प्रार्थनेला मुलं मैदानात उभी असतात तेव्हा अर्धा चंद्र पश्चिमेच्या बाजूला चांगला वर असतो. फिका, पण स्पष्ट. आणि सूर्य असतो पूर्वेला. मी मुलांना एकेक लिंबू आणायला सांगितलं होतं. प्रार्थना झाल्यावर प्रत्येकाने लिंबू हात लांब करून चंद्राच्या अगदी शेजारी धरलं. उन्हाने लिंबाची जी बाजू उजळली तीच बाजू चंद्राचीही उजळलेली. जेवढी लिंबाची, तेवढीच चंद्राची. लिंबावर सावली कुणाचीच नव्हती, उन्हाकडे पाठ असलेली बाजू तेवढी काळोखी. मग विचारलं, पृथ्वीची सावली आत्ता कुठे असेल? सूर्य तिकडे, तर सावली त्याच्या उलट बाजूला, पश्चिमेच्या क्षितिजाखाली. चंद्र तर इतका वर. मैदानात दोन क्षण गोंधळ झाला, मग त्या मुलाने स्वतःच सांगितलं की सावलीत जायला चंद्राला सूर्याच्या बरोब्बर समोर जावं लागेल, म्हणजे पुनवेला. पुढचा प्रश्न त्याच्या शेजारणीचा, मग दर पुनवेला ग्रहण का नाही? तिथून चंद्राच्या कक्षेचा सुमारे पाच अंशांचा कल समजवायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत, कारण प्रश्न त्यांचा होता.

हा तास मी कुठल्या साधनाच्या जोरावर घेतला? लिंबं घरची. वद्य अष्टमीचा चंद्र सकाळी दिसतो हे मला माहीत होतं, एवढंच. आणि ते मला माहीत होतं कारण तो पेपर मी घेतला होता.

अजून एक. गोव्यातल्या वर्गात शिगमो, म्हणजे आपला होळीचा सण, खेळणारी मुलं असतात, ईस्टर करणारी असतात, रोजे ठेवणाऱ्या घरातली असतात. तिन्ही सण चंद्राला बांधलेले. 2024 मध्ये धुळवड 25 मार्चला आणि ईस्टर 31 मार्चला, आठवड्याच्या आत. 2025 मध्ये धुळवड 14 मार्चला आणि ईस्टर थेट 20 एप्रिलला. का? ईस्टरचा नियम असा की 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. 14 मार्चची पौर्णिमा त्या रेषेच्या अलीकडे पडली, म्हणून पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबावं लागलं. चवथ बघा : 2023 मध्ये 19 सप्टेंबर, 2024 मध्ये 7 सप्टेंबर, 2025 मध्ये 27 ऑगस्ट. अकरा-बारा दिवसांनी मागे मागे. अशीच सरकत राहिली तर चवथ एक दिवस मे महिन्यात येईल, पण येत नाही, कारण अधिक महिना मध्ये पडतो. रमजानला अधिक महिना नाही, म्हणून तो सगळे ऋतू फिरून येतो. एका दिनदर्शिकेवर हा पूर्ण तास होतो, आणि त्यात वर्गातलं प्रत्येक मूल आपल्या घरची माहिती घेऊन बोलतं. कुठल्या पुस्तकात असा तयार धडा मिळणार नाही. तो गोव्यातल्या शिक्षकानेच उभा करायचा असतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे विषयाची बैठक लागते.

सावलीचंही तसंच. भर बारा वाजता सूर्य डोक्यावर, सावली सर्वांत लहान, आणि ती उत्तरेला पडते, असं आपण सगळेच शिकलो. गोव्यात यातलं फार थोडं खरं आहे. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, आपण साधारण 73.8 वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सुमारे 35 मिनिटांचा फरक. त्यात सूर्याचं वर्षभराचं पुढेमागे होणं धरलं तर पणजीत खरी मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12 वाजून 18 मिनिटांच्या सुमारास होते आणि फेब्रुवारीच्या मध्याला जवळजवळ 12 वाजून 49 मिनिटांनी. बरोबर बारा वाजता वर्षातल्या एकाही दिवशी नाही. आणि मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. या दोन टोकांना एकेक दिवस सावली पायाखालीच राहते. ऑगस्टमधला दिवस बहुधा ढगात जातो, मेमधला लख्ख उन्हात मिळतो. अंगणात एक काठी उभी करायची, एवढाच खर्च. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या आमच्यातल्या किती जणांनी ही काठी उभी केली आहे, हे आपण आमच्याच वर्गात येऊन विचारा.

आता रात्रीच्या निरीक्षणांबद्दल. ती बंद करण्याचं कारण म्हणून ‘मुलींची सुरक्षितता’ पुढे केली गेली. त्या मुलींपैकी मी एक. मला कुणी विचारलं नाही. वाळपईच्या बाजूला जाणारी शेवटची बस चुकली तर काय होतं हे मला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यामुळे सुरक्षिततेचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पण डिसेंबरात आपल्याकडे सहा-सव्वासहाला सूर्यास्त होतो. सातला चंद्र आणि ग्रह उत्तम दिसतात, सव्वासातनंतर फिकट तारेही. तासभर निरीक्षण केलं तरी सव्वाआठला माणूस खाली उतरतो. स्नेहसंमेलनाच्या तालमी त्याहून उशिरापर्यंत चालतात, तेव्हा सुरक्षितता आठवत नाही. महिन्यातून दोन संध्याकाळ, एक प्राध्यापिका सोबत, आणि जाताना एक गाडी, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. मुलींचं नाव पुढे करून मुलींचाच अभ्यास बंद करणं हे आम्हाला मान्य नाही.

आणि दुर्बीण. सहा इंची आरशाची आहे, चांगली आहे. ती एका लोखंडी कपाटात असते, कपाटाची किल्ली कार्यालयात, कार्यालय साडेपाचला बंद. पावसाळ्यानंतर आम्ही ती बाहेर काढली तेव्हा डब्यातल्या सिलिका जेलचे निळे खडे कधीच गुलाबी होऊन गेले होते आणि नेत्रिकेच्या (जिथे डोळा लावतो त्या) भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे पसरले होते. शनी बघायला डोळा लावला तर दिव्याभोवती धुकं असावं तसं. गोव्यात चपलांना, पुस्तकांना, देवघरातल्या पाटालाही बुरशी येते, भिंगाला येणारच. त्यावर उपाय माहीत आहे : हवाबंद डबा, खडे तापवून पुन्हा निळे करणं, दर महिन्याला उघडून बघणं. हे काम कुणाचं, हे कुणी ठरवलंच नाही. आता तीच दुर्बीण ‘वापरात नाही’ अशा यादीत गेल्याचं ऐकते.

शिकवणाऱ्या सरांबद्दल एकच ओळ : ते लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांच्या मानधनावर, होते, स्वतःची दुर्बीण घेऊन यायचे, आणि त्यांची नेमणूक पुढे चालू झाली नाही.

‘पात्र शिक्षक मिळत नाही’ हे त्यावरचं आपलं म्हणणं. मग मिळणारा का सोडला, हा प्रश्न बाजूला ठेवते. पण हे राज्य याबाबतीत दरिद्री नाही. असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीच्या हौशी मंडळींनी पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवरून वर्षानुवर्षं सामान्य माणसाला आकाश दाखवलं. मिरामारला विज्ञान केंद्र आहे. ताळगावच्या पठारावर विद्यापीठात भौतिकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आहे. रात्रीची बस पकडली की सकाळी पुणे, आणि पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था, जिथे शिक्षकांसाठी कार्यशाळा होतात. मुंबईला मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. यांतल्या किती ठिकाणी आपण पत्र पाठवलंत? जयंत नारळीकर मे 2025 मध्ये गेले तेव्हा आमच्या महाविद्यालयातही फोटोला हार घालून श्रद्धांजलीची भाषणं झाली. त्यांनी मुलांसाठी मराठीत विज्ञान लिहिलं याचा गौरव झाला. तो योग्यच होता. त्यानंतर आलेल्या याद्यांमध्ये पेपर बंद.

डिजिटल साधनांना माझा विरोध नाही. स्टेलेरियम हे संगणकावर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर मी रोज वापरते, मोफत आहे, वर्गात दाखवायला छान आहे. पण ते वापरायला शिकायला एक कार्यशाळा पुरते, आख्खा पेपर लागत नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञानाचा एक पेपर आम्ही दुसऱ्या वर्षी दिलेला आहे, त्यातला अर्धा भाग हाच होता. आणि स्टेलेरियमच्या आकाशात माड आडवे येत नाहीत. गोव्यात ध्रुवतारा उत्तरेच्या क्षितिजापासून फक्त साडेपंधरा अंशांवर असतो, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या दीडपट उंचीवर. बहुतेक अंगणांतून तो डोंगराआड किंवा झाडाआड जातो. याउलट एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला मोकळा समुद्र असेल तर त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूह दिसतो, जो दिल्लीच्या मुलांच्या नशिबी जवळजवळ नाही. कुठे उभं राहायचं, कधी उभं राहायचं, हे पडद्यावर कळत नाही.

इंटर्नशिपबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. शाळेत आम्हाला प्रॉक्सीला, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या तासाला, पाठवतात, पेपरच्या गठ्ठ्यांवर नंबर घालायला बसवतात, आणि लेसन प्लॅनची फाईल वेळेत मिळाली की आपण समाधानी असता. फाईलमध्ये ‘शैक्षणिक साधन’ या रकान्यात सगळ्यांनी ‘चार्ट’ लिहिलेलं असतं. एकदा चार्टशिवायचा तास बघायला या.

आमच्या मागण्या अशा आहेत.

एक, खगोलशास्त्राचा पेपर बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा. नवीन माहितीपत्रक छपाईला जाण्याआधी हे व्हावं, नंतर ‘आता छापून झालं’ हे उत्तर आम्हाला नको.

दोन, पेपर सम सेमिस्टरला, नोव्हेंबरनंतर सुरू होईल असा ठेवावा आणि गणित अध्यापनशास्त्राशी त्याची टक्कर होऊ देऊ नये. हे केल्यावरही मुलं आली नाहीत तर मग संख्येबद्दल बोलू.

तीन, ज्यांना हा पेपर घ्यायचा नाही त्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही अध्यापनशास्त्राच्या पेपरात आकाशनिरीक्षणाचं एक छोटं सक्तीचं प्रात्यक्षिक असावं. सावलीची काठी, दिवसा दिसणारा चंद्र, भरती-ओहोटीची नोंद. आपल्या खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींच्या) मानशींवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दारांवर, भरतीचं पाणी रोज दार ढकलून बंद करतं आणि ओहोटीला दार पुन्हा उघडतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते पाणी किती चढतं हे मानशीवरचा माणूस बोट दाखवून सांगतो. यातल्या एकाही गोष्टीला रात्र लागत नाही, गच्ची लागत नाही, निधी लागत नाही.

चार, नोव्हेंबर ते मार्च महिन्यातून दोनदा संध्याकाळची निरीक्षणं पुन्हा सुरू करावीत. वेळ, सोबत आणि घरी पोचवण्याची सोय याबद्दल आधी विद्यार्थिनींशी बोलावं.

पाच, दुर्बिणीची दुरुस्ती करावी, आणि तिची किल्ली व निगा एका प्राध्यापकाच्या नावावर लेखी द्यावी. दर महिन्याला डबा उघडून बघायचं काम आम्ही विद्यार्थी करायला तयार आहोत, त्यासाठी क्रेडिट नको.

सहा, शिकवायला माणूस नेमावा, आणि तो लेक्चर बेसिसवरचा असला तरी त्याला पूर्ण वर्षाची नेमणूक द्यावी.

ही मागणी करणारे आम्ही मोजके असू, पण आमच्यात पहिल्या वर्षाची मुलंही आहेत, ज्यांनी अजून हा पेपर पाहिलेला नाही. मी स्वतः पुढच्या वर्षी शेवटच्या वर्षाला असेन, मला यातून काही मिळायचं नाही. पेपरसाठी तयार केलेल्या नोंदी, गोव्याच्या अक्षांशासाठी महिनावार काढलेले आकाशाचे नकाशे आणि सातवीच्या त्या तासाचा लेसन प्लॅन मी महाविद्यालयाला द्यायला तयार आहे. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत दोन विद्यार्थी प्रतिनिधींना दहा मिनिटं बोलू द्यावं, ही विनंती. उत्तर लेखी मिळालं तर ते आम्ही जसंच्या तसं सगळ्यांसमोर ठेवू, नकार असला तरी. कारणांसहित नकार आम्ही वाचू, त्यावर पुन्हा लिहू.

आपली विश्वासू,
बी.एस्सी. बी.एड. (भौतिकशास्त्र), तिसरं वर्ष
सत्तरी, गोवा